पुराचा अलर्ट मोबाईलवर येतो कसा, आणि आल्यावर बघायचं काय?

२०२३ मध्ये आजूबाजूचे सगळे मोबाईल एकदम कर्कश वाजले होते, आठवतंय? ती दूरसंचार विभागाची चाचणी होती. आमच्या ऑफिसात काहींना वाटलं फोन हॅक झाला, आणि दोघातिघांनी लगेच सेटिंगमध्ये जाऊन तो अलर्टच बंद करून टाकला. तुम्हीही तसं केलं असेल तर सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट्स’ सर्च करा आणि आधी चालू करा. मग पुढे वाचा.

तो साधा एसएमएस नव्हता. एसएमएस प्रत्येक नंबरला वेगळा जातो, त्यामुळे नेटवर्कवर गर्दी झाली की अडकतो. हा प्रकार म्हणजे सेल ब्रॉडकास्ट. यात टॉवर रेडिओ स्टेशनसारखा एकच मेसेज सोडतो आणि रेंजमधले सगळे फोन तो पकडतात. नंबर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. फक्त फोन चालू हवा आणि टॉवर जिवंत हवा. लाईट जाऊन टॉवरची बॅटरी संपली, तर हेही बंद.

पण अलर्टमध्ये ‘नदीने धोका पातळी ओलांडली’ एवढंच लिहिलं असेल, तर तुमच्या घराला त्याचा अर्थ काय?

मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. वर राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. ते शहरापर्यंत यायला काही तास लागतात. पूर्वसूचना म्हणजे खरं तर हेच हातात मिळालेले तास.

माझ्या आत्याकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे तास होते. ४३ फूट झाल्याचं तिला माहीत होतं. पण २००५ ला पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं, म्हणून यंदाही थांबेल असं धरून दोघं बसून राहिली. त्या वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली. शेवटी त्यांना बोटीतून काढावं लागलं, घराची कागदपत्रं भिजली ती वेगळीच. सूचना चुकली नव्हती. बंधाऱ्यावरच्या फुटांचं आपल्या गल्लीत काय होतं, हे कुणी मांडून ठेवलं नव्हतं एवढंच. आता आतोबांनी जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवलंय: ‘राजाराम ४७ – गल्लीचं तोंड. ४९ – उंबरा.’ मला तरी हे कुठल्याही ॲपपेक्षा भारी वाटतं.

असा आकडा हातात असला की गणित सोपं. पातळी ४३ आहे आणि तासाला अर्धा फूट चढतेय, तर ४७ ला साधारण आठ तास. पाणी पात्राबाहेर पसरलं की वेग कमी होतो, वर दरवाजे उघडले की वाढतो, म्हणून दर तासाला पुन्हा बघायचं. रात्री तर नक्कीच.

पातळी बघायला केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ ॲप आहे. त्यात पिवळा रंग म्हणजे इशारा पातळीच्या वर, केशरी म्हणजे धोका पातळीच्या वर, आणि लाल म्हणजे आजवरचा उच्चांक गाठला किंवा मोडला. ‘धरण फुटलं’ असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड आला तरी आधी इथेच बघा. गावचा नाला किंवा ओढा मात्र यात सापडणार नाही.

कोकणात हे आठ तासांचं गणित चालत नाही. वाशिष्ठीसारख्या नद्या सह्याद्रीवरून थेट खाली येतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूणकरांना सावरायलाच वेळ मिळाला नाही. तिथे अलर्ट वाजला की फूट मोजत बसू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी वरच्या मजल्यावर न्या. गाडीचं नंतर बघू.