व्याघ्र-नक्र संघर्ष

वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार यांसारख्या मार्जार कुलातील मोठ्या श्वापदांचा मगरींशी किंवा मगरींच्या जवळच्या सरीसृपांशी होणारा सामना. दोन्ही प्राणी आपापल्या अधिवासातील सर्वोच्च भक्षक असून त्यांची गाठ मुख्यतः पाणवठ्याच्या काठी पडते. या सामन्याचा निकाल अंगबळापेक्षा स्थळावर अधिक अवलंबून असतो. खोल पाण्यात मगर वरचढ ठरते, तर कोरड्या जमिनीवर श्वापद. आपल्या स्थानी असलेली मगर हत्तीलाही ओढून नेते, पण स्थानभ्रष्ट झाली की कुत्र्याकडूनही पराभूत होते, हे प्राचीन भारतीय नीतिकथांतील निरीक्षण प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही बरेचसे यथार्थ आहे.

परंपरा : भारतीय पुराणकथांत मगरीचा प्रतिस्पर्धी म्हणून वाघ सहसा येत नाही, तेथे हत्ती येतो. भागवत पुराणातील गजेंद्रमोक्षाची कथा याचे प्रसिद्ध उदाहरण होय. शिल्पकलेत मकर हे गंगेचे, तर सिंह वा वाघ हे दुर्गेचे वाहन मानले आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातील नदीदेवतांच्या मंदिरात मकरारूढ गंगेची मूर्ती आहे. दोन्ही प्राणी पूज्य व भयप्रद असले, तरी त्यांच्या परस्पर संघर्षाचे तपशीलवार ज्ञान प्रत्यक्ष निरीक्षण व छायाचित्रण यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच उपलब्ध झाले.

संघर्षाचे स्वरूप : भारतातील गोड्या पाण्यातील मगर (क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस) साधारणतः ३ ते ४ मी. लांब असते. ती दबा धरून भक्ष्य पकडते, पाण्यात ओढते व स्वतःभोवती गरगर फिरून त्याचे लचके तोडते. तिची झेप अत्यंत वेगवान असली, तरी ती लवकर थकते. याउलट वाघ मगरीच्या जबड्यासमोर जाण्याचे टाळून पाठीमागून तिच्या मानेचा वेध घेतो. लढा अनेकदा शिकारीच्या मालकीवरून उद्भवतो. राजस्थानातील रणथंभोर येथे १९८० नंतरच्या दशकात ‘चंगीझ’ नावाने ओळखला जाणारा वाघ तलावात शिरून सांबरांची शिकार करी. त्याच तलावांत मगरीही असल्याने शिकारीचे धूड कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न तेथे वारंवार उपस्थित होई. पुढे याच तलावांवर वर्चस्व असलेल्या ‘मछली’ या वाघिणीने २००३ मध्ये एका मोठ्या मगरीला ठार केले. हा प्रसंग चित्रित झाल्याने जगभर गाजला. ही वाघीण २०१६ मध्ये मरण पावली.

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात २००४ मध्ये एका पर्यटकाने टिपलेल्या चित्रफितीत म्हशीच्या एकाच पारड्याला सिंह काठावरून व मगर पाण्यातून ओढताना दिसतात. सिंहांनी ते बाहेर काढले. तथापि म्हशींच्या कळपाने परतून त्याची सुटका केली. ब्राझीलमधील पांतानाल या पाणथळ प्रदेशात मात्र स्थिती निराळी आहे. तेथील केमन मगरी आकाराने लहान असल्याने जग्वार त्यांची नियमित शिकार करतो. म्हणजे तेथे संघर्षाला भक्षक-भक्ष्य संबंधाचे रूप आले आहे.

लोणार येथील स्थिती : असा सामना घडण्यास केवळ जंगल व जलाशय असून भागत नाही, हे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरावरून स्पष्ट होते. बेसाल्ट खडकात अशनिपाताने निर्माण झालेल्या या विवराचा व्यास सु. १.८ किमी. आहे. भोवतालच्या ३.६५ चौ. किमी. क्षेत्राला २००० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये या पाणथळ जागेचा रामसर यादीत समावेश झाला. रामसर नोंदीत येथील सरीसृपांच्या ४६ जाती दिल्या आहेत. परंतु सरोवरात मगर नाही. येथील पाणी खारे व अल्कधर्मी आहे. अकबराच्या काळातील ऐन-ए-अकबरी या ग्रंथातही काच व साबण यांना लागणाऱ्या येथील क्षारांचा उल्लेख आहे. या पाण्यात सूक्ष्म शैवले विपुल वाढली, पण मगरीचे पोषण करील अशी मत्स्यसंपदा निर्माण झाली नाही.

तथापि केवळ अल्कधर्मी पाणी हे मगरीच्या अभावाचे पुरेसे कारण नव्हे. केनियातील तुर्काना सरोवरही अल्कधर्मी आहे. पण त्याला ओमो नदी येऊन मिळते व त्यात मासे भरपूर आहेत, म्हणून तेथे नाईल मगर मोठ्या संख्येने राहते. लोणारच्या सरोवराला बाहेर वाहणारी नदी नाही. धारेसारख्या झऱ्यांचे गोडे पाणी काठावरील प्राण्यांना उपयोगी पडते, पण एखाद्या नदीतून मगरीला तेथे पोहोचण्याचा मार्ग नाही.

महाराष्ट्रातील स्थिती व संरक्षण : पूर्वी मगर महाराष्ट्रात सर्वत्र आढळे. ब्रिटिश अमदानीत वाघ मारणाऱ्यास बक्षीस दिले जाई, तर मगरींची हत्या कातड्यासाठी होत असे. धरणे, बंधारे व वाळूचा उपसा यांमुळे मगरींच्या अंडी घालण्याच्या जागाही घटल्या. वन्यजीव संरक्षण अधिनियम (१९७२), व्याघ्र प्रकल्प (१९७३) व मगर संवर्धन प्रकल्प (१९७५) यांमुळे दोन्ही प्राण्यांना कायद्याचे व शासनाचे पाठबळ मिळाले. आज सांगलीजवळ कृष्णेत व चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरी आहेत. पण वाघ व मगर एकाच पाणवठ्यावर आढळण्याचे राज्यातील ठळक ठिकाण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा तलाव. १९५५ मध्ये स्थापन झालेले ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान होय. तलावाकाठी तारू या देवाचे स्थान असून, तारू हा गावप्रमुख वाघाशी झालेल्या झुंजीत मरण पावला, अशी आख्यायिका आहे.

वाघ व मगर यांच्या पुनरागमनाच्या शक्यता सारख्या नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर येथे फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ पट्टा बसविलेला एक वाघ विदर्भ व तेलंगण ओलांडून त्याच वर्षाच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. शेते, रस्ते व वस्त्या ओलांडून वाघ अशा रीतीने नवे जंगल शोधू शकतो; मगरीला मात्र नदी वा तलाव, मासे व अंड्यांसाठी मोकळा काठ लागतो. त्यामुळे जंगल राखले आणि नदी गमावली, तर वाघ परत येईल, पण पाण्यातील त्याचा प्रतिस्पर्धी येणार नाही. हा संघर्ष क्रूर भासला, तरी तो जेथे अद्याप घडतो, तेथे वन व जल या दोहोंचे स्वास्थ्य टिकून आहे असे समजण्यास हरकत नाही.