पाणी ठेवले, माणसे हाकलली

अंदलुस म्हटले की आपल्यासमोर कोर्दोबाची मशीद आणि ग्रनाडाचा अल-हम्रा उभा राहतो. आपल्या तकरिरींत आणि लेखांत हीच दोन नावे पुन्हा पुन्हा येतात. खलिफा, महाल, ग्रंथालये आणि शेवटी सुलतानाचे अश्रू, अशी ती कथा असते. तिच्यात शेतकरी मात्र कुठे दिसत नाही. मला तो दिसला स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सियात.

मी गेलो तेव्हा जानेवारी संपत आला होता. युरोपचा बराच भाग गारठलेला असताना भूमध्य समुद्राकाठच्या या शहरात दुपारी १६-१७ अंश तापमान आणि लख्ख ऊन होते. रस्त्याकडेची कडू संत्र्यांची झाडे फळांनी लगडलेली होती. संत्र्याला इथे ‘नारांखा’ म्हणतात. अरबीत ते ‘नारंज’, फारसीत ‘नारंग’, संस्कृतात ‘नारङ्ग’ आणि आपल्याकडे ‘नारिंग’. भारतातून निघालेला शब्द अरबांच्या तोंडून या किनाऱ्याला लागला आणि इथेच राहिला.

एकदा कान सरावला की असे शब्द जागोजागी ऐकू येतात. तांदळाला ‘आरोस’ म्हणतात, तो अरबी ‘अर-रुझ्झ’. शेतीच्या पाटाला ‘असेकिया’, म्हणजे ‘अस-साकिया’. बंधाऱ्याला ‘असूद’, म्हणजे ‘अस-सुद्द’. शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा हे सरोवर आहे; ‘अल-बुहैरा’ म्हणजे छोटा समुद्र. भाताची कापणी झाली की हिवाळ्यात त्याच्या काठची शेते पाण्याखाली ठेवतात, तेव्हा सरोवर कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होते ते कळत नाही. मेट्रोच्या स्थानकांवर बेनिमाक्लेत, बेनिमामेत अशी नावे वाचायला मिळतात. त्यांतले ‘बेनि’ म्हणजे आपल्या ओळखीचे ‘बनी’, अमक्याची लेकरे.

दर गुरुवारी दुपारी बाराचे टोल पडले की कॅथेड्रलच्या दाराबाहेर पाण्याचे न्यायालय बसते. तुरिया नदीच्या आठ कालव्यांतून निवडून आलेले आठ शेतकरी काळे झगे घालून गोलाकार बसतात. एकेका कालव्याचे नाव पुकारले जाते. कुणी पाळी सोडून पाणी घेतले, पाट फोडला किंवा शेजाऱ्याच्या शेतात पाणी घुसवले, तर तक्रार इथे येते. वकील नसतो. सारे कामकाज तोंडी आणि स्थानिक व्हॅलेन्सियन भाषेत चालते. ज्या कालव्याचा तंटा असेल त्याचा प्रतिनिधी निकालात भाग घेत नाही. निकालावर अपील नाही. २००९ साली युनेस्कोने या न्यायालयाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. बऱ्याच गुरुवारी खटलाच नसतो आणि पाचेक मिनिटांत सगळे उठतात.

यामागचा नियम साधा आहे. नदीचे पाणी ठरावीक हिश्श्यांत वाटायचे आणि दुष्काळ पडला तर प्रत्येकाचा हिस्सा त्याच प्रमाणात कमी करायचा. पाणी जमिनीला बांधलेले असते. जमीन सोडून नुसते पाणी विकता येत नाही. उसाच्या आणि टँकरच्या महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला हे ऐकून थबकायला होते.

न्यायालय खलिफांच्या काळात, ९६० मध्ये सुरू झाले असे व्हॅलेन्सियाचे लोक सांगतात. त्या वर्षाला समकालीन कागदाचा आधार नाही. आधार आहे तो नंतरच्या सनदेचा. १२३८ मध्ये अरागॉनचा राजा जेम्स पहिला याने शहर जिंकले. वेढा पडलेला असताना इथलाच कवी आणि इतिहासकार इब्न अल-अब्बार ट्यूनिसच्या दरबारात मदत मागायला गेला. जहाजे निघालीही, पण ती शहरापर्यंत पोहोचू शकली नाहीत. मुसलमानांना शहर सोडावे लागले. जामा मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभे राहिले. पुढच्याच वर्षी जेम्सने कालवे नव्या रहिवाशांना दिले. देताना त्याने लिहून ठेवले की पाणी मुसलमानांच्या काळी ज्या रिवाजाने घेतले जात होते, त्याच रिवाजाने घ्यावे. जिंकणाऱ्याने राजवट बदलली, पण पाण्याच्या वाटपाला हात लावला नाही.

गावोगावचे मुसलमान शेतकरी मागे राहिले आणि ख्रिस्ती जमीनदारांची जमीन कसू लागले. सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत त्यांना जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला गेला. त्यांना मोरिस्को म्हणू लागले. आठ दशके कागदोपत्री ख्रिस्ती राहूनही ते संशयितच होते. २२ सप्टेंबर १६०९ रोजी व्हॅलेन्सियात त्यांच्या हकालपट्टीचा हुकूम पुकारला गेला. राज्याच्या लोकसंख्येत ते सुमारे एक तृतीयांश होते. काही महिन्यांत एक लाखाहून अधिक माणसे देनिया, अलिकांते अशा बंदरांतून उत्तर आफ्रिकेला धाडली गेली. डोंगरात आसरा घेऊन ज्यांनी बंड केले, ते चिरडले गेले.

याच हुकूमनाम्यात एक कलम होते. दर शंभर घरांमागे सहा घरांना राहू द्यावे. कशासाठी? घरे, साखरेचे घाणे, भातपीक आणि पाण्याची व्यवस्था टिकावी, नव्याने येणाऱ्यांना ती शिकवता यावी यासाठी.

हे कलम वाचून मी बराच वेळ विचार करत होतो. ज्यांना परके, देशद्रोही ठरवले, त्यांच्यावाचून पाट वाहणार नाहीत, हे ठरवणाऱ्यांनाही पुरते ठाऊक होते. त्यांना कसब हवे होते, कसबी माणूस नको होता. ती सवलत बहुतेक मोरिस्कोंनी नाकारली. आपले लोक जात असताना आपण मागे राहायचे नाही, असे त्यांनी ठरवले. कित्येक गावे ओस पडली.

आपल्यालाही यातून काही घ्यायचे आहे. अंदलुसचा अभिमान आपण सिंहासनाच्या अंगाने बाळगला, म्हणून सिंहासन गेल्याचे रडगाणे उरले. हे कालवे खोदले, राखले आणि वाटून घेतले ते अरब आणि बर्बर कुळांतल्या, नाव न उरलेल्या शेतकऱ्यांनी. त्यांनी घालून दिलेली वाटणीची रीत जिंकणाऱ्यालाही मोडता आली नाही, कारण ती न्याय्य होती आणि सगळ्यांच्या पोटाशी बांधलेली होती. समाजाचा इतिहास सांगताना बादशहांच्या यादीऐवजी विणकर, गवंडी, शेतकरी, पाटकरी यांच्यापासून सुरुवात करावी. कुणाला ‘परके’ म्हटले जाते तेव्हा त्याच्या हातचे काय काय आपल्या ताटात आहे, हे त्या इतिहासातूनच दाखवता येते.