डोंबिवली

महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील एक शहर व मुंबई महानगराचे बाह्य उपनगर. ते मुंबईच्या ईशान्येस लोहमार्गाने सु. ४८ किमी. अंतरावर, उल्हास नदीच्या खाडीलगत वसले आहे. लोहमार्गामुळे त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडतात. हे शहर कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या क्षेत्रात मोडते. २०११ च्या जनगणनेनुसार या महानगरपालिकेची लोकसंख्या सु. साडेबारा लाख होती.

आगरी-कोळी वस्तीची लहान गावे, भातशेती आणि खाडीतील मासेमारी हे या परिसराचे मूळ रूप होय. ठाकुर्ली, चोळे, पाथर्ली, आयरे, कोपर, मोठागाव ही नावे आज विभागांची वाटत असली, तरी ती या जुन्या गावांचीच आहेत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणपर्यंत वाढविण्यात आला, तेव्हा तो डोंबिवलीच्या शिवारातून गेला. मात्र येथे स्थानक होण्यास १८८७ साल उजाडावे लागले. १९१६ मध्ये पारसिक बोगद्यातून नवा मार्ग सुरू झाल्याने कल्याणकडील प्रवास जलद झाला आणि १९२९ पर्यंत कल्याणपर्यंतचा मार्ग विद्युतीकृत झाला. त्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेने उभारलेले वीजगृह अनेक दशके परिसराची खूण होऊन राहिले होते. १९८० नंतर ते बंद पडले.

मोकळी हवा व स्वस्त जमीन यांच्या ओढीने काही मध्यमवर्गीय कुटुंबे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे राहावयास आली. १९२४ मध्ये स्थापन झालेले श्री गणेश मंदिर संस्थान हे या वसाहतीचे केंद्र बनले. तथापि गावाचे शहरात झालेले रूपांतर हे मुख्यतः स्वातंत्र्योत्तर काळातील असून त्याचे कारण डोंबिवलीत नव्हे, तर मुंबईतील घरांच्या प्रश्नात शोधावे लागते. मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ अन्वये भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली गेली. जुन्या भाडेकरूंना त्याचे संरक्षण लाभले, परंतु भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधण्यात मालकांना स्वारस्य उरले नाही आणि रिकाम्या खोलीसाठी पागडी मोजावी लागू लागली. गिरगाव, दादर, परळ येथील दोन खोल्यांत वाढलेल्या पुढच्या पिढीला लग्नानंतर त्याच खोल्यांत सामावणे अशक्य झाले. बँका, सरकारी कचेऱ्या, रेल्वे, गिरण्या येथील पगारात मालकीची सदनिका घेणे शक्य होते, ते येथे. रेल्वेच्या सवलतीच्या मासिक पासाने हे गणित जुळविले. थोडक्यात, मुंबईत जी किंमत पैशांत द्यावी लागली असती, ती डोंबिवलीकरांनी वेळेत दिली.

ही किंमत लहान नव्हती. जलद गाडीनेही मुंबईचे टोक गाठण्यास तासाहून अधिक वेळ लागतो. पहाटे पाण्याची वेळ सांभाळून डबे भरणे, ठरलेली गाडी गाठणे, बसावयास जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने कल्याणला जाणे, आणि अंधार पडल्यावर परतताना स्थानकाबाहेर भाजी घेऊन घरी पोहोचणे, हा येथील नोकरदारांचा दिनक्रम होऊन बसला. अनेक घरांतील मुले वडिलांना रविवारीच जागेपणी भेटत. स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीस जाऊ लागल्यावर महिलांच्या डब्यात भाजी निवडणे, हळदीकुंकू करणे, दसऱ्याला डबा सजविणे असे एक फिरते शेजारघरच निर्माण झाले. घरोघरी उभी राहिलेली पोळी-भाजी केंद्रे हीदेखील याच वेळापत्रकाची देणगी होय. त्यांतून नोकरी न करणाऱ्या अनेक गृहिणींना उत्पन्नाचे साधन मिळाले. या प्रवासाचे दुसरे अंग मात्र दारुण आहे. दारात लोंबकळणारे प्रवासी गाडीतून पडून मृत्यू पावण्याच्या घटना या मार्गावर वारंवार घडल्या आहेत. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ अशाच एका अपघातात एकाच वेळी अनेकांना प्राण गमवावे लागले.

दिवसा परगावी असणाऱ्या या नागरिकांनी सार्वजनिक जीवन मात्र उत्साहाने उभारले. शिक्षणसंस्था, वाचनालये, व्याख्यानमाला, संगीतसभा यांमुळे शहरास सांस्कृतिक लौकिक मिळाला. कथाकार शं. ना. नवरे (१९२७–२०१३) व पु. भा. भावे (१९१०–८०) यांचे येथे वास्तव्य होते. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने येथे प्रथम निघाली आणि नंतर ती राज्यातील अनेक शहरांनी उचलली. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर जमणारी तरुणांची गर्दी हेही येथील एक वैशिष्ट्य. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नव्वदावे अधिवेशन येथे २०१७ मध्ये भरले.

या मानाने नागरी कारभाराची कहाणी उदास आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. परंतु पहिली निवडणूक होण्यास १९९५ साल उजाडले. नेमकी हीच लोकसंख्येच्या भराभर वाढीची वर्षे होती आणि त्या काळात कारभार प्रशासकांच्या हाती होता. रस्ते, मलनिःसारण, पाणी यांची आखणी होण्याआधीच इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील बऱ्याच विनापरवाना होत्या. लगतची सत्तावीस गावे २००२ मध्ये महानगरपालिकेतून वगळली गेली व २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. कर वाढतील, सुविधा मात्र येणार नाहीत, ही तेथील ग्रामस्थांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. २०२० मध्ये मुदत संपल्यावर महानगरपालिकेवर पुन्हा काही वर्षे प्रशासक होता.

शहराच्या पूर्वेस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून तीत रसायने, रंग व कापडप्रक्रिया यांचे कारखाने निघाले. प्रारंभी हे कारखाने वस्तीपासून दूर होते. पुढे घरे त्यांच्या भिंतीपर्यंत येऊन भिडली. २०१४ मध्ये हिरवट पाऊस पडल्याची व २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाल्याची वृत्ते गाजली. मे २०१६ मधील स्फोटात बारा जण दगावले व आसपासच्या घरांची मोठी हानी झाली. मे २०२४ मध्ये तशीच दुर्घटना पुन्हा घडली. त्यानंतर धोकादायक कारखाने स्थलांतरित करण्याची मागणी अधिक जोराने पुढे आली.

खाडीवरील मोठागाव–माणकोली पूल २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाल्याने ठाण्याचे रस्त्याचे अंतर बरेच कमी झाले आहे. मुंबईकडे जाणाऱ्या बहुसंख्य नोकरदारांची भिस्त मात्र लोकलगाडीवरच आहे.