सध्या काय वाचताय?

सध्या माझ्याकडे तीन कादंबऱ्या एकदम चालू आहेत. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो', ना. सं. इनामदारांची 'शहेनशहा' आणि रंगनाथ पठाऱ्यांची 'ताम्रपट'. आमच्या धंद्यात याला कॉन्टेक्स्ट स्विचिंग म्हणतात आणि ते महाग पडतं हे आम्हीच सगळ्यांना सांगत फिरतो. पण शनिवार-रविवार सावेडीत घरी असलो की शिस्त जरा सैल होते. दुपारी यमूचं माहेर, संध्याकाळी औरंगजेबाची छावणी, रात्री पठाऱ्यांचं राजकारण, असा सगळा कारभार.

"सध्या काय वाचताय?" हा प्रश्न आपण किती सहज विचारतो. "जेवलात का?" च्या खालोखाल म्हणा ना. पण मराठीत या प्रश्नाला "अमुक कादंबरी" असं उत्तर देता येण्याला पावणेदोनशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत. त्यातही ते उत्तर देण्याची मुभा सगळ्यांना सारखी नव्हती. थोडं मागे जाऊ या.

आमच्या नगरचं (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) जिल्हा वाचनालय १८३८ सालचं. रत्नागिरीचं १८२८, नाशिकचं १८४०, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८. म्हणजे पुण्याच्या आधी दहा वर्षं नगरला वाचनालय होतं. पुणेकर मित्रांना हे मी अधूनमधून सांगत असतो. :)

आता गंमत बघा. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली १८५७ साली. म्हणजे नगरच्या वाचनालयाची पहिली एकोणीस वर्षं अशी गेली की तिथे जाऊन मराठी कादंबरी मागायची म्हटलं तरी जगात कुठे ती अस्तित्वातच नव्हती. बनियनच्या पुस्तकाचं 'यात्रिकक्रमण' हे १८४१ चं भाषांतर, बखरी, पोथ्या, नीतिकथा हे सगळं होतं. 'ज्ञानोदय' तर १८४२ मध्ये नगरातच सुरू झालं, अमेरिकन मिशनच्या लोकांनी काढलं. पण ज्याला आपण कादंबरी म्हणतो ते नव्हतं. कपाट आधी आलं, पुस्तक नंतर.

शब्दसुद्धा नव्हता. सुरुवातीला लोक सरळ 'नावल' म्हणत. पुढे 'कादंबरी' रुळला, आणि तो बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाच्या नायिकेचं नाव आहे. हिंदीत 'उपन्यास', गुजरातीत 'नवलकथा'. आपण आणि कन्नडवाल्यांनी मात्र एका पुस्तकाचं नाव उचलून सगळ्या जातीलाच देऊन टाकलं. (सगळ्या फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसंच. जुनी सवय आहे.)

'यमुनापर्यटन' आज वाचायला सोपी नाही. बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि पुस्तकात प्रचार आहे, तो लपवलेलाही नाही. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवा भेटतात आणि आपली कहाणी सांगतात. पुस्तकाच्या पूर्ण नावातच 'हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असं आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, पुस्तक १८५७ चं. मराठी कादंबरीची सुरुवात राजकन्येपासून झाली नाही, केशवपन केलेल्या बायकांपासून झाली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. कलाकृती म्हणून ती कच्ची असेल, पण बघत होती ती नेमकं जिथे बघायला हवं तिथे.

आणि इथेच आपल्या लोकांनी माघार घेतली. १८६१ मध्ये हळब्यांची 'मुक्तामाला' आली, मग अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांगच लागली. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' लिहिली. तिच्या प्रस्तावनेतला त्यांचा युक्तिवाद असा, की आपल्यातल्या लग्नाच्या रीती आणि इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात चटकदार असं काही घडतच नाही. ना लक्ष वेधणारे गुण, ना तसे दुर्गुण. मग कादंबरीकाराने लिहायचं काय? आसपासचं लिहावं तर कंटाळवाणं, चमत्कारिक लिहावं तर खोटं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क झालो. अकरा वर्षांपूर्वी पदमनजींनी त्याच लग्नाच्या रीतींवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं! आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं लग्न, नवरा मेला की न्हावी, अंधारी खोली, एकवेळ जेवण. यात "काही घडत नाही"? घडत होतं, पण ते माजघरात घडत होतं आणि प्रस्तावना ओसरीवर बसून लिहिली जात होती.

रिसबुडांना उत्तर मिळायला आणखी बावीस वर्षं लागली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः सुरू केली. ती १८९३ पर्यंत चालली. हरिभाऊ तेव्हा पंचवीस-सव्विशीतले. यमू नावाची मुलगी स्वतःची हकिकत स्वतः सांगते: माहेर, लग्न, सासर, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, नवऱ्याचा मृत्यू आणि त्यानंतर तिच्यावर जबरदस्तीने झालेलं केशवपन. पुन्हा यमुना! पदमनजींची यमुना हिंडून दुसऱ्या बायकांच्या गोष्टी ऐकते. हरिभाऊंची यमू घरातच आहे, आणि 'मी' म्हणते.

आता याच्या तांत्रिक बाजूकडे बघा, कारण मला खरं कुतूहल तिथे आहे. दर आठवड्याला एक अंक म्हणजे आमच्या भाषेत वीकली रिलीज. एकदा छापलं की रोलबॅक नाही. पन्नासाव्या भागात सुचलं म्हणून तिसऱ्या भागात बदल करता येत नाही. या पद्धतीचे तोटे हरिभाऊंच्या लेखनात दिसतातच: पाल्हाळ, पुनरुक्ती, "वाचकांना आठवत असेलच" छापाचा सूर. काही कादंबऱ्या तर अपूर्णच राहिल्या, 'कर्मयोग' त्यातलीच. पण फायदा केवढा! अंक विकत घेणारा एक, वाचणारे घरातले आणि शेजारचे, आणि ज्यांना वाचता येत नाही ते ऐकणारे. आणि सगळे एकाच पानावर, शब्दशः. पुढे काय होतं हे कोणालाच माहीत नाही. त्या तीन वर्षांत "सध्या काय वाचताय?" पेक्षा "यमूचं पुढे काय?" हाच खरा प्रश्न.

आणि वाचणाऱ्या बाईला हा प्रश्न फुकट विचारता येत नव्हता. यमूला मुंबईत नवऱ्याच्या प्रोत्साहनाने लिहिण्यावाचण्याची गोडी लागते, तिचे सुखाचे दिवस म्हणजे तेच. ही कल्पना हरिभाऊंनी हवेतून आणली नव्हती. रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मध्ये लिहून ठेवलंय की न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला सुरुवात केली तेव्हा घरातल्या बायकांनी काय काय छळ केला. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात ही स्थिती, तर बाकीच्या वाड्यांचं काय सांगावं. पुस्तक हातात दिसणं हाच गुन्हा होता, पुस्तक कुठलं हा पुढचा मुद्दा.

नगरला या बाबतीत थोडं आधी उजाडलं होतं. सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८३० च्या दशकाच्या शेवटी इथे आल्या आणि मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते त्यांच्याकडेच, नगरला. पुढे याच जिल्ह्यात राहुरीला आणि नगरला लक्ष्मीबाई टिळक राहिल्या. 'स्मृतिचित्रे' कादंबरी नव्हे, आत्मचरित्र; पण मी ज्यांना ज्यांना दिलंय त्या सगळ्यांनी ते कादंबरीसारखंच एका बैठकीत संपवलंय. हरिभाऊंनी यमूच्या तोंडी जो आवाज घातला, तो आवाज लक्ष्मीबाईंकडे स्वतःचाच होता. वर विनोदबुद्धीही होती. ती बिचाऱ्या यमूच्या वाट्याला जेमतेमच आली.

(नगरच्या वाचनाबद्दल बोलताना किल्ल्याचं नाव काढलं नाही तर नगरकर रागावतील. ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेसचे पुढारी इथे कैदेत होते आणि नेहरूंनी १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर अशा पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रंही इथलीच. कादंबरी त्यात नाही, म्हणून पुढे सरकतो.)

विसाव्या शतकात साप्ताहिकाची जागा हळूहळू वाचनालयाने घेतली. मराठी माणूस कादंबरी विकत कमी घेतो आणि मागून जास्त वाचतो, यावर प्रकाशक पिढ्यान् पिढ्या रडत आलेत. मला मात्र ही मागून वाचण्याची पद्धत आवडते. सर्क्युलेटिंग लायब्ऱ्या, दिवसाच्या भाड्याने पुस्तक, दिवाळीनंतर अंकांची वेगळी वर्गणी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड या लायब्ऱ्यांच्या जोरावरच घरोघर पोचले. समीक्षकांनी त्यांची दखल क्वचितच घेतली. पण गावोगावी माणसांना वाचायची चटक लावली ती अर्नाळकरांनी, हे त्यांच्या पुस्तकांची मळकी, शिवण उसवलेली अवस्था बघूनच कळायचं. चांगल्या पुस्तकाची खूण म्हणजे कव्हर गेलेलं असणं, असं आमचं लहानपणी शास्त्र होतं.

मागून वाचलेल्या पुस्तकात आपल्या आधीचा वाचक दिसतो. कोणीतरी पेन्सिलने रेघ मारलेली, कोणीतरी "खोटे आहे!" असं समासात ठणकावलेलं. माझ्याकडची 'शहेनशहा' तशीच आहे. १९७० ची ही कादंबरी औरंगजेबावरची. इनामदार १९९७ मध्ये नगरला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि औरंगजेब ३ मार्च १७०७ ला वारला तो नगरलाच, भिंगारच्या छावणीत. पुढे दफन खुलदाबादला झालं. सावेडीहून भिंगारला स्कूटरवर अर्धा तासही लागत नाही. ज्या म्हाताऱ्याने पंचवीस वर्षं दख्खनमध्ये घालवली आणि शेवटी रिकाम्या हाताने मेला, त्याचा शेवट आपल्या गावच्या वेशीवर झाला हे शाळेत एका ओळीत शिकलो होतो. कादंबरीत तो माणूस खोकतो, मुलांवर संशय घेतो, जुन्या आठवणी उगाळतो. इनामदारांची भाषा मधूनमधून नाटकी होते, दरबारी संवाद तर फारच. तरी आपल्याला ज्याचा राग यायला हवा त्याच्या डोक्यात शिरून पाचशेच्या आसपास पानं बसायला लावणं, हे काम इतिहासाच्या पुस्तकाला जमत नाही.

'ताम्रपट' चं प्रकरण वेगळं. पठारे आपल्याच जिल्ह्यातले, संगमनेरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. (विज्ञानवाल्याने एवढी कादंबरी लिहावी याचा मला गुपचूप आनंद होतो.) १९९४ मध्ये ती आली, १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. स्वातंत्र्यसैनिकांना १९७२ मध्ये ताम्रपट दिले गेले, तेच नाव. चळवळीतून आलेली माणसं आणि संस्था सत्तेच्या वाऱ्याला लागल्यावर काय होतात, याचा हा जाडजूड हिशोब आहे. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला गेला, त्या जिल्ह्यातल्या वाचकाला यातली माणसं ओळखायला वेळ लागत नाही. आमच्याकडे एक शेजारचे काका आहेत, निवृत्त शिक्षक. ते ही कादंबरी वाचताना प्रत्येक पात्रापुढे पेन्सिलने खऱ्या माणसाचं नाव लिहीत गेले. ती प्रत ते कोणाला देत नाहीत. मी दोनदा मागून बघितली.

रिसबूड म्हणाले होते, आपल्या आयुष्यात काही घडतच नाही. काकांची ती प्रत त्यांना दाखवायला हवी होती.

तर सध्या यमू मुंबईत आहे, सुखात आहे, आणि पुढे काय येणार हे माहीत असल्यामुळे मी चार दिवस पान उलटलेलं नाही. 'ताम्रपट' निम्मी झाली आहे. 'शहेनशहा' चं शेवटचं प्रकरण राहिलंय. ते येत्या रविवारी भिंगारला जाऊन आल्यावर वाचीन, कारण सोमवारी पुस्तक परत करायचं आहे आणि माझ्यामागे कोणीतरी नंबर लावून ठेवलाय.