वस्तूंच्या पाऊलखुणांचा हिशेब

बाजारांतून घरीं आलेल्या वस्तूचें वजन ग्राहकाला तराजूवर पाहतां येतें आणि किंमत पावतीवर वाचतां येते. परंतु ती वस्तु तयार होतांना पृथ्वीची उष्णता वाढविणारे वायु किती बाहेर पडले, हें तराजू सांगत नाहीं आणि पावतीहि सांगत नाहीं. शेतांतील खत, कारखान्यांतील भट्टी, रस्त्यावरची मालगाडी आणि शेवटीं केरांत पडलेलें वेष्टन या सर्वांनीं वातावरणांत सोडलेल्या अशा वायूंची बेरीज म्हणजे त्या वस्तूची 'कार्बन पाऊलखूण' होय. ही बेरीज मांडून तिच्यावर प्रमाणपत्राचा शिक्का उमटविण्याची विद्या फार जुनी नाहीं. पण तिचा अल्प इतिहास बोधप्रद आहे.

या विद्येचें एक मूळ अमेरिकेंत सांपडतें. १९६९ सालीं कोकाकोला कंपनीनें पेयाच्या बाटल्या व डबे यांच्या निरनिराळ्या प्रकारांची तुलना करण्याचें काम कॅन्सस शहरांतील मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेकडे सोंपविलें. प्रत्येक प्रकारास कच्चा माल किती लागतो, इंधन किती जळतें आणि निर्मितींत घाण किती बाहेर पडते, हें मोजण्यांत आलें. वस्तूच्या जन्मापासून अंतापर्यंतचा असा हिशेब पुढें 'जीवनचक्र मूल्यांकन' या नांवानें रूढ झाला, आणि १९९७ मध्यें त्यासाठीं १४०४० क्रमांकाचें आंतरराष्ट्रीय मानक निघालें.

हा आंकडा ग्राहकाच्या हातीं देण्याचा मोठा प्रयोग मात्र ब्रिटनमध्यें झाला. तेथील सरकारनें २००१ मध्यें स्थापिलेल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या साहाय्यानें, मार्च २००७ मध्यें वॉकर्स कंपनीच्या बटाटा-वेफर्सच्या पाकिटावर पाऊलखुणेचें चित्र आलें. आंकडा होता ७५ ग्रॅम. पाकिटांतील वेफर्सचें वजन अवघें साडेचौतीस ग्रॅम. म्हणजे वायूंचा भार खाद्याच्या दुपटीहून अधिक!

या हिशेबांतून एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. कारखाना बटाटे वजनावर विकत घेई; म्हणून शेतकरी ते दमट हवेच्या कोठारांत ठेवीत. ओलावा टिकला कीं वजन वाढे आणि पैसा अधिक मिळे. पुढें कारखान्यांत तेंच पाणी तळून उडविण्यासाठीं जादा इंधन जाळावें लागे. एकाच पाण्यापायीं कारखान्यास दोनदां खर्च येई : एकदां तें विकत घेतांना आणि पुन्हां तें घालवितांना. दोष कोणा एकाचा नव्हता, खरेदीच्या रीतीचा होता. आणि तो दोन्ही वह्या शेजारीं ठेवल्यावांचून दिसला नसता.

परंतु जो तो आपल्या सोयीनें हिशेबाची हद्द आंखूं लागला, तर तुलनेला अर्थ उरत नाहीं. एकानें शेतापासून मोजलें आणि दुसऱ्यानें कारखान्याच्या दारापासून, तर दुसऱ्याची पाऊलखूण लहान दिसणारच. म्हणून ऑक्टोबर २००८ मध्यें ब्रिटिश मानक संस्थेनें 'पास २०५०' हें नियमपत्र प्रसिद्ध केलें. कोणत्या पायऱ्या धरावयाच्या, मिथेनसारख्या वायूंचा भार कार्बन डायऑक्साइडच्या मापांत कसा मांडावयाचा, याचे नियम त्यांत घातले गेले. २०१८ मध्यें याच विषयाचें १४०६७ क्रमांकाचें आंतरराष्ट्रीय मानक आलें.

तरीहि दुकानांतला प्रयोग टिकला नाहीं. टेस्को या बलाढ्य दुकानसंस्थेनें आपल्या सुमारें ७० हजार वस्तूंवर असा आंकडा छापण्याचा संकल्प जानेवारी २००७ मध्यें जाहीर केला होता. एकेका वस्तूच्या हिशेबास कित्येक महिने लागतात आणि इतर दुकानदारहि मागोमाग आले नाहींत, असें सांगून २०१२ च्या जानेवारींत तिनें तो बेत सोडला. शिवाय ७५ ग्रॅम म्हणजे थोडे कीं फार, हें गृहिणीनें कशाशीं ताडून पाहावें, हा प्रश्न होताच.

आतां हा आंकडा दुकानाच्या फळीवरून जकातीच्या नाक्यावर गेला आहे. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतें इत्यादि आयात मालाच्या वायूंचा तपशील युरोपीय संघानें १ ऑक्टोबर २०२३ पासून मागण्यास आरंभ केला आणि २०२६ च्या आयातीपासून त्यावर आकार बसविण्याची व्यवस्था केली. भारतीय पोलादहि यांत येतें. भारत सरकारनेंहि डिसेंबर २०२४ मध्यें हरित पोलादाची व्याख्या ठरविली : एक टन तयार पोलादामागें २.२ टनांहून कमी उत्सर्जन.

मोठ्या कारखान्यास मोजणीचा आणि तपासनिसाचा खर्च झेपतो. लहान कारखानदारापाशीं स्वतःचा तपासलेला आंकडा नसला, तर युरोपच्या नियमांप्रमाणें त्याच्या मालास ठराविक गृहीत आंकडा लागतो, आणि त्यांत वर वाढहि धरलेली असते. ज्याच्यापाशीं स्वतःचें माप नाहीं, त्याला दुसऱ्यानें ठरविलेलें माप पत्करावें लागतें. म्हणून हिशेबाची हद्द कोठें आंखली, वही कोणा तिऱ्हाइतानें तपासली आणि ती तपासणी लहानालाहि परवडते कीं नाहीं, हे प्रश्न प्रमाणपत्रावरील आंकडा वाचण्यापूर्वीं विचारणें अगत्याचें आहे.