बनगावच्या पिंपातलं पाणी

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांनी सत्तरी गाठली आहे त्यांना पाच पैशांचं ते जादा तिकीट आठवत असेल. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ते चिकटवावं लागे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी तो पैसा होता. १९७१ म्हटलं की आपल्याकडे डिसेंबरमधलं युद्ध आणि ढाक्याची शरणागती, एवढंच पुढे येतं. आज मला त्याच वर्षीच्या जून-जुलै महिन्यांबद्दल बोलायचं आहे. जागा, पश्चिम बंगालमधलं बनगाव. सीमेला लागून असलेलं गाव, आणि तिथलं आपल्या उपजिल्हा रुग्णालयासारखं एक साधं इस्पितळ.

२५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली आणि माणसं निघाली. मे महिन्यात तर दिवसाला सरासरी एक लाख माणसं सीमा ओलांडत होती. वर्षअखेरीस भारत सरकारच्या नोंदीत हा आकडा ९९ लाखांच्या घरात गेला. त्यातले ६८ लाख छावण्यांत, उरलेले नात्यागोत्यात. त्रिपुरात तर स्थानिक जितके, जवळजवळ तितकेच पाहुणे. तंबू पुरेनात म्हणून कलकत्त्याजवळच्या सॉल्ट लेकला लोक सांडपाण्याच्या मोठाल्या सिमेंटच्या पाइपांत राहिले. त्यात पावसाळा लागला, आणि पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा.

सरकारी यंत्रणेचा भर होता लशीवर. सीमेवर येईल त्याला टोचा. यात वाईट हेतू नव्हता. हाफकिनच्या काळापासून आपल्या आरोग्य खात्याची तीच सवय. पण त्या काळची लस जेमतेम निम्म्या लोकांना आणि तीही काही महिनेच उपयोगी पडे. शिवाय जो आधीच आजारी पडलाय त्याला तिचा काय उपयोग? (पुढे १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रवाशांसाठी कॉलऱ्याच्या लशीच्या दाखल्याची अटच काढून टाकली.)

पटकीचा रोगी मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. पन्नास किलोच्या माणसाचं पाच लिटर पाणी काही तासांत जाऊ शकतं. तेवढं भरून काढलं की माणूस वाचतो, इतकं सरळ आहे. पण ते भरायचं शिरेतून, म्हणजे सलाईनच्या बाटल्या हव्यात, निर्जंतुक सुया हव्यात आणि शीर सापडवणारा हात हवा.

२४ जूनला डॉ. दिलीप महालनबीस आपली तुकडी घेऊन बनगावला पोचले. ते कलकत्त्यातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात काम करत. जन्म किशोरगंजचा, म्हणजे पूर्व बंगालचाच. इस्पितळात पटकीसाठी खाटा सोळा, आणि त्या भागात निर्वासित साडेतीन लाखांच्या आसपास. दोन खोल्यांमध्ये रोगी जमिनीवर पडलेले. सलाईन लावायचं तर त्या घाणीतच गुडघे टेकावे लागत. शिरेतून द्रव देण्याचं शिक्षण तुकडीत दोघांनाच होतं. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की साठा संपतोय आणि आपण ही लढाई हरतोय.

मग त्यांनी ठरवलं, तोंडाने पाजायचं.

ही कल्पना त्यांना आकाशातून सुचली नव्हती, हे सांगितलं पाहिजे. पटकीत आतड्यातून पाणी वाहत असलं तरी ग्लुकोजचा हात धरून मीठ आत शोषलं जातं आणि मिठामागोमाग पाणी, हे तोवर कळलं होतं. ग्लुकोज चवीसाठी नसतं, ते मिठाचं वाहन असतं. १९६८ मध्ये ढाक्यात नलिन आणि कॅश या अमेरिकन डॉक्टरांनी रोग्यांवर ते सिद्धही केलं होतं. पण ते वॉर्डात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आत किती गेलं आणि बाहेर किती पडलं ते मोजून. निरक्षर नातेवाइकाच्या हाती भांडं देऊन नव्हे.

कलकत्त्याच्या केंद्रातल्या ग्रंथालयाच्या खोलीत कारखाना सुरू झाला. लिटरमागे ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम, खायचा सोडा अडीच ग्रॅम. एकजण एक वस्तू तोलणार, दुसरा दुसरी. प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड गरम इस्त्रीने चिकटवायचं. खर्च लिटरला अकरा पैसे. म्हणजे आपल्या त्या जादा तिकिटांतली दोन लावली की जवळजवळ एक लिटर! पिशव्या बनगावला जायच्या, तिथे नळ लावलेल्या पिंपात पाणी करून ठेवायचं. अगदीच हातचा जात असेल त्याला आधी शिरेतून द्यायचं, बाकी सगळ्यांना पेल्याने. पाजायला आई, भाऊ, नवरा, जो सोबत असेल तो. नाव ठेवलं 'ओरल सलाईन', कारण सलाईन या शब्दावर लोकांचा विश्वास होता.

आठ आठवड्यांत ३,७०० हून अधिक रोगी तपासले गेले. आधी तिथे शंभरातले तीसेक दगावत. आता मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडं थांबावं. आधीचे तीस आणि नंतरचे साडेतीन ही काही काटेकोर तुलना नव्हे. औषधाबरोबर तिथे माणसं आली, व्यवस्था आली. आणि जेसोर रोडवर चालता चालता जे गेले ते कुठल्याच आकड्यात नाहीत. त्या वेळी अनेक तज्ज्ञांना हे पटलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ मात्र स्वतः येऊन पाहून गेले आणि पाठीशी उभे राहिले. दरम्यान कृती छापलेली पत्रकं सीमेवर वाटली गेली, बांगलादेशच्या गुप्त रेडिओवरूनही ती सांगितली गेली.

सगळंच असं साधलं नाही. ऑगस्ट १९७० पासून पूर्व पाकिस्तानात देवीचा रुग्ण नव्हता. सॉल्ट लेकच्या छावणीत देवी पसरली आणि तिची वेळेवर नोंदच झाली नाही. अमेरिकेत टीव्हीवर छावणीची दृश्यं पाहताना एका साथरोगतज्ज्ञाला ती ओळखू आली. तोवर लोक घरी निघाले होते. स्वतंत्र झालेल्या देशात त्यांच्यासोबत देवीही परतली, आणि ती संपायला ऑक्टोबर १९७५ उजाडला.

आता तेवीस वर्षं पुढे येऊ. जुलै १९९४. रवांडातून लाखो लोक झाईरमधल्या गोमा गावी आले आणि पहिल्या महिन्यात त्यांतले जवळपास पन्नास हजार मेले, बहुतेक पटकी आणि हगवणीने. या वेळी जलसंजीवनीची पाकिटं जगभर छापील मिळत होती, मदत संस्थाही भरपूर होत्या. ढाक्याहून गेलेल्या डॉक्टरांच्या तुकडीने जे पाहिलं ते १९९५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं. शिरेतलं पाणी फार सावकाश दिलं जात होतं, तोंडाने पुरेसं पाजलं जात नव्हतं, आणि उपचार करणाऱ्यांपैकी अनेकांनी पटकीचा रोगी आधी कधी हाताळला नव्हता. हे सांगणारे डॉक्टर ज्या देशातून आले होते, त्याच देशातली माणसं १९७१ मध्ये बनगावच्या जमिनीवर पडलेली होती.