क्रायसिस (सिकलसेल)

सिकलसेल आजारात रक्ताच्या बारीक वाहिन्या तुंबल्याने अचानक उठणारी तीव्र वेदना. विदर्भातल्या रुग्णांच्या घरी ‘क्रायसिस आला’ एवढे म्हटले की पुरते. ‘एसएस पॅटर्न’ म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यांना ती होते. ‘एएस’ म्हणजे वाहक सहसा तिच्यापासून दूर राहतो.

या रुग्णांच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. प्राणवायू सोडताच असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे धागे बनतात आणि लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठर होते. अशा पेशी वाहिनीच्या अस्तराला धरून अडतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. हाडांतल्या मगजाची उपासमार होते. म्हणून पाठ, मांड्या, छाती ठणकते. तान्ह्या मुलात पहिली खूण बहुधा सहा महिन्यांनंतर दिसते: हातापायांचे पंजे सुजतात, बाळ पाय टेकू देत नाही आणि घरचे मुरगळले समजून चोळत बसतात.

थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम ही नेहमीची निमित्ते. भंडारा-गोंदियाकडे पावसात भिजत, चिखलात दिवसभर वाकून केलेली रोवणी यांतली बरीचशी एकत्र आणते. पुष्कळदा निमित्त सापडतही नाही.

क्रायसिस सिद्ध करणारी तपासणी नाही. हिमोग्लोबिन रोजच्याइतकेच असू शकते, एक्स-रेत काही दिसत नाही. लहानपणापासून दुखणे सोसलेला तरुण कण्हतही नाही, मोबाइल पाहत पडून राहतो; मग ‘नाटक करतो’, ‘इंजेक्शनची सवय लागली’ असे शेरे ऐकावे लागतात. खरे माप रुग्णाच्या सांगण्यातच असते. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळायला हवे, आणि पुढे दर अर्ध्या ते एक तासाने पुन्हा विचारपूस व्हायला हवी.

सौम्य दुखण्यात घरी भरपूर पाणी, कोमट शेक, पॅरासिटामॉल. बर्फ लावू नये, त्याने वाहिन्या आणखी आखडतात. आयबुप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंड पाहूनच. तीव्र वेदनेला मॉर्फिन लागते. सलाइन बेताने, जास्त झाले तर फुप्फुसांत पाणी भरते. नुसत्या वेदनेसाठी रक्त चढवत नाहीत, ते चढवावे ही अपेक्षा मात्र नातेवाइकांत पक्की असते. ताप, छातीतल्या कळेसोबत धाप, एका बाजूची कमजोरी, प्लीहा झपाट्याने वाढणे यांत घरी थांबणे धोक्याचे.

वारंवार क्रायसिस येणाऱ्यांना हायड्रॉक्सीयुरिया देतात. त्याने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते आणि पेशी विळा होण्याचे प्रमाण घटते. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत प्रौढांचे झटके जवळपास निम्म्यावर आले. भारतीय रुग्णांत हे हिमोग्लोबिन मुळात जास्त असते, म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, असे बरीच वर्षे म्हटले गेले. नागपूरच्या वॉर्डांत आढळलेले रुग्ण या समजुतीत बसत नाहीत. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्तपेशींची मोजणी करावी लागते, आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे लागते.